कोयता, चाकू आणि पोलादाचा स्वभाव

दहावीची परीक्षा संपवून निसर्ग शिबिराला निघालेला शेजारचा एक मुलगा नवा चाकू दाखवायला माझ्याकडे आला. पाते वीतभर लांब, मागच्या कडेला करवतीसारखे दाते, मूठ पोकळ. मुठीच्या टोकाला झाकण, झाकणात होकायंत्र आणि आत काड्यापेटीतल्या चार काड्या व मासे धरायचा गळ. "जंगलात अडकलो तर याहून आणखी काय लागेल?" असे त्याने विचारले. मी पाते जाड फडक्यात धरले आणि मूठ हलवून पाहिली. ती सांध्यात खुळखुळत होती. लाकडावर घाव घालताना हे पाते निसटले असते, तर ते हातात किंवा पायात घुसले असते.

आमच्या दहिसरच्या पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत. तिथून उत्तरेकडे ठाणे-पालघरच्या बाजूला गेले की वारली शेतकऱ्याच्या कमरेला लाकडी आकडीत अडकवलेला कोयता दिसतो. त्याला दाते नाहीत, होकायंत्र नाही. तरीही फांद्या तोडणे, बांबू चिरणे, कुंपणाच्या काठ्या तासणे ही कामे तो वर्षानुवर्षे करतो. त्याचे कारण पोलाद, मूठ आणि धार या तीन गोष्टींत आहे.

प्रथम पोलाद. लोहार पुष्कळदा ट्रकखालच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांपासून कोयता घडवतो. या पोलादात ०.५ ते ०.६५ टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो. ते लाल होईपर्यंत, म्हणजे सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की कार्बनचे अणू लोखंडाच्या स्फटिकात सामावतात. मग ते एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवले, की त्या अणूंना बाहेर पडायला वेळच मिळत नाही. अडकलेल्या अणूंमुळे स्फटिकात ताण निर्माण होतो आणि पोलाद कठीण होते. यालाच आपण 'पाणी देणे' म्हणतो. पण असे पोलाद काचेसारखे ठिसूळही असते. म्हणून ते पुन्हा हलके तापवतात. तापताना घासलेल्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर येऊन रंग दिसतात: सुमारे २२० अंशांना फिकट पिवळा, ३०० अंशांच्या आसपास निळा. अनुभवी लोहाराचा तापमापक म्हणजे हे रंगच होत. पिवळ्यावर थांबले तर धार टिकते, निळ्यापर्यंत नेले तर काठिण्य थोडे कमी होऊन चिवटपणा वाढतो. दोन्ही गुण एकाच वेळी पूर्ण मिळत नाहीत. घाव घालायच्या हत्याराला चिवटपणा अधिक हवा, तर बारीक कापायच्या चाकूला काठिण्य.

हा प्रयोग वर्गात करता येतो. शिवणाच्या तीन सुया घ्या. तिन्ही पकडीत धरून बर्नरवर लाल करा. पहिली ज्योतीतून हळूहळू बाहेर काढून सावकाश थंड होऊ द्या. ती सहज वाकेल. दुसरी लगेच पाण्यात बुडवा; वाकवताच ती मोडेल. तिसरीलाही पाणी द्या, काचकागदाने घासून उजळ करा आणि ज्योतीच्या वर धरून निळा रंग येईपर्यंत हलके तापवा. ती वाकून पुन्हा सरळ होईल. तुकडे उडतात, म्हणून शिक्षकांनी स्वतः चष्मा लावून हे करावे आणि मुलांना अंतरावर उभे करावे.

गंजाचे काय? पोलादात पुरेसे क्रोमियम असेल तर पृष्ठभागावर ऑक्साइडचे अदृश्य कवच तयार होते. अशा स्टेनलेस पोलादाचा चाकू कोकणपट्टीच्या दमट हवेत सोयीचा. मात्र ज्या १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेलच्या पोलादाची आपली भांडी बनतात, ते पाणी देऊन कठीण होत नाही. तेव्हा 'स्टेनलेस' एवढी अक्षरे पाहून चाकू घेऊ नये. साधा पोलादी चाकू पुसून तेलाचा हात दिला तर पावसाळाही काढतो.

दुसरी गोष्ट मूठ. घाव बसतो तेव्हा पात्याची तरफ होते आणि सगळा जोर पाते व मूठ यांच्या सांध्यावर येतो. म्हणून पात्याचेच पोलाद मुठीच्या शेवटपर्यंत गेलेले असावे आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या रिव्हेटने पक्क्या केलेल्या असाव्यात. पोकळ मुठीत पाते जेमतेम बोटभर आत असते. तिथेच तिचा घात होतो. ओल्या हातातून न सटकणारी मूठ आणि पात्याकडे बोट घसरू न देणारा उंचवटा हवाच.

तिसरी धार. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ; धार जितकी बारीक तितका दाब अधिक. पण फार निमुळती धार गाठीवर आपटली की वळते किंवा तिचा टवका उडतो. म्हणून कोयत्याची धार जाड कोनाची आणि भाजीच्या सुरीची बारीक कोनाची असते. सर्वसाधारण कामासाठी १० सेंटिमीटरच्या आसपास लांबीचे, ३ मिलिमीटर जाडीचे, सरळ धारेचे पाते पुरते. ते घरच्या दगडावर लावता येते. बोथट चाकूला जोर जास्त लावावा लागतो आणि जोर लावला की तो घसरतो.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा दहिसर नदीलाही पूर आला. अशा वेळी अडकलेला दोर किंवा पट्टा कापणे, जखम बांधायला चादरीच्या पट्ट्या काढणे, ही कामे असतात. त्यांना वीतभर पाते लागत नाही. हाताशी असलेला, धार लावलेला लहान चाकू लागतो.

एक गोष्ट शिक्षकांनी आवर्जून सांगावी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात व राष्ट्रीय उद्यानात लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही, आणि कायद्यातील शस्त्राच्या व्याख्येत चाकूही येतो. शेजारच्या मुलाचे शिबिर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातच होते. तो चाकू घरी ठेवून गेला. जाण्याआधी मात्र त्याने तीन सुया मागून घेतल्या होत्या.