नादारीनंतर पत पुन्हा कशी उभी राहते?

मालेगावात एक यंत्रमागधारक आहेत. चोवीस मागांचा कारखाना, तिघे भाऊ कामाला. २०१६ च्या नोटाबंदीत मजुरी वाटायला रोकड उरली नाही. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा कापड उचलणारे व्यापारी थांबले, आणि वर्षभरात कारखान्याला कुलूप लागले. सूतवाल्यांचे पैसे अडकले, बँकेचे हप्ते थकले. नाव छापत नाही, कारण तेच गृहस्थ आज पुन्हा माग चालवीत आहेत आणि त्यांना बाजारात रोज वावरायचे आहे.

आपल्या लोकांत नादारीचा अर्ज घेऊन कोर्टात जाणारे विरळाच. चार वजनदार व्यापारी बसतात, रुपयाला आठ आणे ठरतात, मुसाफा होतो आणि सगळे उठतात. कागद कोणी करीत नाही. वास्तविक १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्यातही आठ आण्यांचाच हिशेब आहे. मालमत्तेतून बिनतारण देण्याला रुपयामागे आठ आणेही निघत नसतील, तर दोष आपला नव्हता हे नादाराला कोर्टाला पटवावे लागते. मागच्या तीन वर्षांच्या वह्या धड नसतील, तरीही सरळ मुक्तता मिळत नाही. शिवाय मुक्ततेपूर्वी आपण नादार आहोत हे न सांगता पन्नास रुपयांची उधारी घेणे हाही त्या कायद्यात गुन्हा! आणि मुक्तता मिळाली तरी ती नादाराची. भागीदार आणि जामीनदार त्यातून सुटत नाहीत. मेहुण्याच्या कर्जावर डोळे झाकून सही करणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

आमच्या या गृहस्थांनी सूतवाल्यांशी बैठकीत मिटवले, आणि २०१९ मध्ये बँकेशी एकरकमी तडजोड केली. सहा लाखांच्या थकबाकीपोटी साडेतीन लाख भरले. त्यांना वाटले, विषय संपला. २०२२ मध्ये चार मागांसाठी कर्ज मागायला गेले, तेव्हा मॅनेजरने सिबिलचा कागद पुढे सरकवला. त्यावर खात्यासमोर ‘सेटल्ड’ असा शेरा होता. या शब्दाचा अर्थ आपण ‘मिटले’ असा घेतो. कर्ज देणारा ‘पूर्ण फेडले नाही’ असा घेतो. पूर्ण फेडीचा शेरा ‘क्लोज्ड’ हा असतो. अशा नोंदी किमान सात वर्षे जपल्या जातात, म्हणजे गप्प बसून वाट पाहण्यात उमेदीची वर्षे जातात.

त्यांनी जुन्या बँकेत जाऊन उरलेले अडीच लाख भरण्याची तयारी लेखी दिली. बँकेने चौदा हप्ते बांधून दिले. शेवटच्या हप्त्यानंतर ‘नो ड्यूज’चे पत्र घेतले, तरी अहवालात जुनाच शेरा! तेव्हा पत्राची नक्कल जोडून तक्रार केली आणि नोंद बदलली. अशी तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही, तर एप्रिल २०२४ पासून दिवसाला शंभर रुपये भरपाईचा नियम रिझर्व्ह बँकेने लागू केला आहे. देशात अशा नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो मिळवून देतो म्हणून हजारो रुपये मागणारे एजंट गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या नादी लागू नये. खरी नोंद पैसे देऊन कोणालाही पुसता येत नाही.

नवी नोंद उभी करायला मुदत ठेवीवर मिळणारे छोटे कार्ड बरेच जण घेतात. महिन्याचे बिल मुदतीत पूर्ण भरले तर त्या खरेदीवर व्याज लागत नाही, मात्र ठेवीवर बँक व्याज देते. ज्यांना ते नको, त्यांनी ते कोठे द्यायचे हे आपल्या आलिमांना विचारावे. बिनव्याजी सोसायटीतली वेळेवरची फेड सिबिलपर्यंत पोहोचतेच असे नाही, तेव्हा तिची पावती जपून ठेवावी.

पण बँकेपेक्षा सूतबाजार अवघड गेला, असे हे गृहस्थ सांगतात. जुन्या सूतवाल्याकडे गेले तेव्हा तो म्हणाला, ‘‘भाई, आधी रोख. मग बघू.’’ वर्षभर रोखीने सूत उचलले, प्रत्येक खेपेचे पक्के बिल घेतले, जीएसटीचे विवरण एकदाही चुकवले नाही. सगळा व्यवहार बँक खात्यातून केला. बैठकीत सोडलेल्या आठ आण्यांपैकीही थोडेथोडे, कोणी मागितले नसताना, देत राहिले. पहिल्यांदा दहा हजार नेऊन दिले, तेव्हा सूतवाल्याने ते दोनदा मोजले आणि हे कशाचे म्हणून विचारले.

कर्ज अजून मिळालेले नाही, अर्ज बँकेत आहे. सूतवाला मात्र गेल्या रमजानपासून पंधरा दिवसांची उधारी देतो. चार माग जुनेच घेतले, रोखीने.