पहिली सुरी

जयपूरला गेलेला प्रवासी जयगडावर चढतो आणि तेथील ‘जयबाण’ तोफ पाहून थक्क होतो. सवाई जयसिंहांच्या कारकिर्दीत, १७२० साली, ती त्या गडावरील कारखान्यातच ओतली गेली. पण गड उतरून शहरात आल्यावर एखाद्या रस्त्याच्या कडेला, जमिनीत रोवलेल्या लहानशा ऐरणीवर जे काम चाललेले असते, तिकडे त्याचे सहसा लक्ष जात नाही. पुरुष सांडशीत धरलेला तुकडा फिरवीत असतो आणि समोर उभी असलेली त्याची स्त्री दोन्ही हातांनी घण घालीत असते. हे गाडिया लोहार. तोफ ओततात, सुरी घडवतात. आणि घडवणे म्हणजे काय हे ज्याला शिकायचे आहे, त्याने गडापेक्षा या ऐरणीपाशी अधिक वेळ उभे राहावे.

१५६८ साली चितोड अकबराच्या हाती गेले, तेव्हा ते पुन्हा स्वतंत्र होईपर्यंत घरात राहणार नाही, अशी शपथ घेऊन आपले पूर्वज गाड्यांतून बाहेर पडले, असे यांची परंपरा सांगते. १९५५ साली पंडित नेहरूंनी त्यांना समारंभपूर्वक चितोडगडावर नेले. शपथ सुटली, पण तलवारीचे दिवस केव्हाच सरले होते. हाती उरले ते चिमटे, तवे, खुरपी आणि सुऱ्या.

नवशिक्याला वाटते, विस्तव पेटलेला असावा आणि मनगटात जोर असावा, की सुरी झालीच. त्याची पहिली चूक लोखंड निवडण्यातच होते. साध्या सळईत कार्बन इतका थोडा असतो की तिला धार लागली तरी टिकत नाही. मोटारीचा जुना पाटा घ्यावा. त्यात शेकडा अर्ध्याहून थोडा अधिक कार्बन असतो आणि तेवढा पुरतो. दुसरी चूक उतावळेपणाची. तुकडा नारिंगी असेतोच घाव घालावेत. तो काळवंडला की पुन्हा भट्टीत ठेवावा. थंड पोलादावर घातलेला घाव पात्यात न दिसणारी चीर सोडून जातो. उलट भाता अति चालवला आणि तुकड्यातून ठिणग्या उडू लागल्या, तर ते पोलाद जळाले असे समजावे.

खरी परीक्षा पुढे आहे. तिला आपण ‘पाणी देणे’ म्हणतो. पाते लाल करीत न्यावे; सुमारे ७७० अंशांवर त्याला लोहचुंबक चिकटेनासा होतो. त्याहून किंचित अधिक तापवून ते तेलात बुडवावे. असले पोलाद पाण्यात एकदम निवाले तर पुष्कळदा तडकते. बाहेर काढलेल्या पात्यावरून कानस घसरू लागते आणि नवशिका हर्षभरित होतो. पण हे पाते काचेसारखे असते; हातून फरशीवर पडले तर त्याचे दोन तुकडे व्हायचे.

म्हणून ते घासून उजळ करावे आणि मंद आचेवर पुन्हा तापवावे. सुमारे २२० अंशांवर त्यावर गवताच्या काडीसारखा फिकट पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा, आणि तीनशेच्या सुमारास निळा. सुरीसाठी पिवळा तपकिरीकडे झुकला की थांबावे. थोडा कडकपणा सोडावा, तेव्हा चिवटपणा येतो.

रस्त्याकडेच्या लोहाराजवळ उष्णतामापक नसतो. हे सारे अंश त्याच्या डोळ्यांत असतात. भट्टी सावलीत का मांडतात, हेही त्यावरून कळते. भर उन्हात तप्त लोखंडाचा रंग फसवतो. कारखान्यातल्या सुऱ्या आज स्वस्त मिळतात, आणि लोहाराच्या मुलाने ऐरण सोडून शाळेत जावे यात वावगे काहीच नाही. मात्र बापाच्या डोळ्यांतली ती रंगांची ओळख कोणत्याही वहीत उतरलेली नाही. ती शेजारी बसूनच घ्यावी लागते.

नवशिक्याची पहिली सुरी वाकडी असते, मूठ सैल असते. तरीही तिने कांदा चिरला गेला, तर तिला टाकू नये. रस्त्याकडेची दोन रुपये जास्त सांगितलेली सुरी यापुढे तो घासाघीस न करता घेईल, एवढे तरी ती त्याला शिकवून गेलेली असते.