दुधाचे दात आणि गुळाचा खडा
(द्वितीय वर्ष कला)

‘दुधाचेच दात ते, पडणारच आहेत. डॉक्टर कशाला?’ हे वाक्य मी आमच्या वस्तीत लहानपणापासून ऐकत आले आहे. माझे वडील मार्केट यार्डाच्या भुसार विभागात पोती वाहतात, आई एका गाळ्यावर धान्य निवडते. गुळाची ढेप फुटली की त्यातला खडा पोरांच्या हातावर पडायचा. देणाऱ्याच्या मनात मायाच असायची.

गेल्या वर्षी माझ्या नऊ वर्षांच्या भावाची दाढ रात्रभर ठणकली. लवंग झाली, लवंगेचे तेल झाले, मिठाच्या गुळण्या झाल्या. शेवटी त्याला एका दंतमहाविद्यालयाच्या रुग्णालयात नेले. “दुधाचीच आहे, काढून टाका,” असे मीच शहाणपणाने म्हटले. तिथल्या शिकाऊ डॉक्टर ताई म्हणाल्या, “ही दुधाची नाही गं. ही आयुष्यभराची होती.” त्यांच्या त्या ‘होती’ने मला ग्रंथालयात नेऊन बसवले.

दुधाचे दात वीस. पहिला साधारण सहाव्या महिन्यात येतो, अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे येतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास पुढचा दात हलू लागतो आणि तो कौलावर, आमच्याकडे पत्र्यावर, फेकण्याचा सोहळा होतो. पण त्याच दिवसांत अगदी मागे, एकही दात न पडता, चार नव्या दाढा गुपचूप उगवतात. या कायमच्या. जुने काही पडले नाही म्हणून घरात कोणाला पत्ता लागत नाही. भावाची किडली ती यांपैकीच एक.

बरे, दुधाचे दात तरी दुर्लक्ष करण्याजोगे आहेत का? पुढचे सहा-सात वर्षांचे होताच पडतात हे खरे, पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. पाचव्या वर्षी किडलेल्या दाढेने आणखी पाच-सहा वर्षे काढायची असतात. तिचे कवच पातळ, आतली नस मोठी. त्यामुळे कीड लवकर नसेपर्यंत पोचते. शिवाय ती खालून येणाऱ्या दाताची जागा राखून बसलेली असते. वेळेआधी काढली की शेजारचे दात त्या जागेत कलतात आणि नवा वेडावाकडा येतो. म्हणून काढावीच लागली तर डॉक्टर तिथे तारेची छोटी कडी बसवून जागा धरून ठेवतात.

‘कीड’ या शब्दाने आपल्याला फार फसवले आहे. दातात अळी असते असे समजून रिंगणीच्या बियांचा धूर देणारे लोक आपल्याकडे होते. खरी गोष्ट वेगळी आहे. तोंडातले सूक्ष्म जंतू साखर खातात आणि आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दाताच्या कवचातील खनिजे विरघळतात. लाळ हे आम्ल हळूहळू धुऊन काढते आणि खनिजे परत बसवते, पण त्यासाठी तिला साधारण अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणजे एकाच वेळी मोठा खडा खाल्ला तर लाळेला सावरायला सवड मिळते; तोच खडा दिवसभर चघळला तर मिळत नाही. साखर किती खाल्ली याच्याइतकेच ती किती वेळा खाल्ली यालाही महत्त्व आहे. आणि गूळ नैसर्गिक म्हणून निर्दोष, हाही भ्रम. गुळात बहुतांश साखरच असते. (हे वाक्य मी आमच्या गाळ्यावर मोठ्याने म्हणणार नाही.)

सगळ्यात वाईट म्हणजे रात्रीची गोड दुधाची बाटली. कामावर जाणाऱ्या आया लेकराला पोत्यांच्या आडोशाला निजवतात आणि तोंडात बाटली देतात. झोपेत लाळ कमी सुटते, दूध दातांवर साचून राहते आणि वरचे पुढचे दात मुळाशी खडूसारखे पांढरे, मग तपकिरी होतात. आईला दोष देणे सोपे आहे. पाळणाघर कुठे आहे, हे कोणी विचारत नाही.

पांढरा डाग हीच वेळेवर आलेली सूचना. या पायरीला कीड मागे फिरवता येते. डॉक्टर दातांना फ्लोराइडचा लेप लावतात, साधारण दर सहा महिन्यांनी. घरी फ्लोराइडची पेस्ट पुरते: तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंत वाटाण्याएवढी. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यांनी फिरवावा. मात्रा सांभाळायची, कारण यवतमाळ, चंद्रपूरकडे काही गावांच्या विहिरींत फ्लोराइड जास्त असल्याने मुलांच्या दातांवर डाग पडतात. मिश्री मात्र मुलांच्या हाती देऊच नये. दंतमंजनात तंबाखू घालण्यास सरकारने १९९२ मध्ये बंदी केली, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीला कायदा कुठे पोचतो?

सहाव्या वर्षीच्या दाढांवर खोल खाचा असतात; ब्रशचे केस तिथे शिरत नाहीत. त्या खाचा पातळ रसायनाने बुजवून टाकतात, त्याला सीलंट म्हणतात. सुई नाही, कोरणे नाही, काही मिनिटांचे काम.

कीड लागलीच, तरी आता प्रत्येक वेळी मशीन लावावे लागत नाही. टांझानियात १९८० नंतरच्या दशकात विजेविना, फक्त हातातल्या अवजारांनी कुजका भाग खरवडून सिमेंट भरण्याची पद्धत रुजली. स्कॉटलंडच्या नोर्ना हॉल या डॉक्टर बाईंनी किडलेल्या दुधाच्या दाढेवर, न कोरता, न सुई देता, स्टीलची टोपी बसवली. कीड आत कोंडली गेली, साखर मिळेना, ती थांबली. तिसरे औषध चांदी आणि फ्लोराइड यांचे. जपानात ते १९७० च्या सुमारास वापरात आले आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत गेले. एक थेंब लावला की बहुधा कीड थांबते, पण किडलेला भाग काळाकुट्ट होतो. आयांना ते खटकते. नस दुखावली असेल तर मात्र नसेवर उपचार करून वर टोपी बसवावी लागते.

खर्चाची धास्ती असणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावे. २०१३ मध्ये आपल्याच पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी ठरलेली आहे, आणि त्यात दातही येतात. पथक आले की ‘पोराचे दातही बघा’ असे आपण म्हणावे.

भावाची ती दाढ वाचली नाही. उरलेल्या तिघींवर सीलंट बसले. चार वर्षांच्या बहिणीच्या पुढच्या दोन दातांना चांदीचे औषध लावले आहे. ते काळे झालेले दात ती गाळ्यावरच्या हमालकाकांना आ करून दाखवते, आणि त्यांनी पुढे केलेला गुळाचा खडा जेवणानंतर खाईन म्हणून फ्रॉकच्या खिशात ठेवते. खिसा चिकट होतो, आई ओरडते.