एका फुंकेतले चार सूर

डिझेल इंजिनाच्या हॉर्नमध्ये दोन सूर असतात, हे कुर्डुवाडीच्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. एक जाड, एक बारीक. रात्री मुंबईकडची गाडी सिग्नलला अडकली की ते दोन्ही एकदम उठतात आणि अख्ख्या गावाच्या झोपेवरून जातात. लहानपणी मी बार्शी लाइटच्या छोट्या इंजिनाची शिट्टीही ऐकलेली आहे. १८९७ साली बार्शीपर्यंत सुरू झालेली ती अडीच फुटी रुळांची गाडी. तेव्हा आमच्या स्टेशनचं नावच बार्शी रोड होतं. पण डिझेलच्या हॉर्नमध्ये गूढ असं काही नाही. दोन सुरांसाठी दोन वेगळे भोंगे बसवलेले असतात. एका नळीतून एका वेळी एकच सूर निघणार, हे मी वयाच्या पन्नाशीपर्यंत धरून चाललो होतो.

एका लग्नात ते मोडलं. वरात कार्यालयात पोचली होती, बँडवाल्यांची पंगत अजून बसायची होती. मागच्या ओट्यावर ट्रॉम्बोन वाजवणारा पोरगा एकटाच बसला होता. त्यानं नळीतलं पाणी काढलं, एक लांब सूर धरला आणि वाजवता वाजवताच गळ्यातून गुणगुणायला लागला. आधी नुसती घरघर ऐकू आली. मग त्याचा आवाज सरकत सरकत पंचमावर टेकला आणि त्या पितळेतून एकदम खाली एक खर्ज उघडला, वर एक गंधार चमकला. माणूस एक, वाद्य एक, फुंक एक, आणि सूर चार. मी ताट सोडून त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, "काय नाय काका, टाइमपास करतोय." त्याला हे कुणी शिकवलेलं नव्हतं.

त्या रात्रीपासून मी या प्रकाराच्या मागे लागलो. एका बंद पडलेल्या बँडचं जुनं युफोनियम विकत घेतलं. हा लेख त्या शोधाचा आहे.

पितळी वाद्यात सूर कुठून येतो, ते आधी पाहू. सनईला पत्ती असते. पितळी वाद्याला तसलं काही नसतं, तिथं ओठच पत्तीचं काम करतात. आवळलेल्या ओठांमधून हवा ढकलली की ते सेकंदाला शंभर, दोनशे, तीनशे वेळा उघडझाप करतात आणि हवेचे तेवढे तुकडे नळीत सोडतात. पण नळी कुठलीही कंपनं मान्य करत नाही, तिच्या लांबीला जुळणारीच तेवढी धरते. ट्रॉम्बोनची आणि युफोनियमची नळी उलगडली तर साधारण नऊ फूट भरते, मोठ्या ट्यूबाची अठरा फुटांपर्यंत. हार्मोनियमच्या भाषेत ही नऊ फुटी वाद्यं काळी पाचची. नळीनं मान्य केलेले सूर एका मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशा पटींत येतात. सा, वरचा सा, त्याचा पंचम, आणखी वरचा सा, मग गंधार. आपल्या तुतारीला पडदा नाही, भोक नाही, सरकती नळी नाही, म्हणून तिच्यात या पटींतलेच मोजके सूर निघतात. मिरवणुकीत तुतारी सा आणि पंचम यांच्यामध्ये उडी मारते त्याचं कारण हेच. वाजवणारा ओठ आवळतो आणि नळी पुढच्या पायरीवर जाते.

आता वाजवणाऱ्यानं ओठांचा सूर तसाच धरून गळ्यातून दुसरा सूर लावला तर काय होईल? मला वाटलं होतं, दोन सूर शेजारी शेजारी ऐकू येतील, इंजिनाच्या हॉर्नसारखे. तसं होत नाही. फुफ्फुसातून निघालेली हवा आधी स्वरतंतूंपाशी तुकडे होऊन येते आणि तीच हवा पुढे ओठ पुन्हा कापतात. दोन उघडझापी एकापुढे एक आल्या की त्यांची नुसती बेरीज होत नाही, त्या एकमेकींत गुणल्या जातात. आणि दोन कंपनं गुणली की दोन नवी कंपनं तयार होतात. एकाची कंपनसंख्या दोघांच्या बेरजेएवढी, दुसऱ्याची वजाबाकीएवढी.

जुन्या रेडिओत हेच गणित होतं. स्टेशनाच्या लहरीत रेडिओ स्वतःची एक लहर मिसळायचा आणि त्यांच्या वजाबाकीतून येणारी ४५५ किलोहर्ट्झची लहर पुढे पाठवायचा. काटा कुठल्याही स्टेशनावर नेला तरी ही वजाबाकी तेवढीच राहायची. ओट्यावरचा तो पोरगा ओठ आणि गळा वापरून तेच करत होता.

हिशोब सोपा व्हावा म्हणून ओठांचा सा सेकंदाला १२० कंपनांचा धरू. काळी पाचचा खालचा सा याच्या जवळपासच येतो. गळ्यातून पंचम लावला, म्हणजे १८०. बेरीज ३००, वजाबाकी ६०. साठ म्हणजे आपल्या साच्या खालच्या सप्तकातला सा, खर्ज. तीनशे म्हणजे वरच्या सप्तकातला शुद्ध गंधार, कारण वरचा सा २४० चा आणि त्याच्या सव्वापट बरोबर ३००. खर्ज, सा, पंचम, गंधार. ६०, १२०, १८०, ३००. यातले दोन माणसानं लावलेले आहेत, उरलेले दोन कुणीही लावलेले नाहीत. आणि हा कानाचा भास नाही. इटालियन व्हायोलिनवादक तार्तिनी यांनी अठराव्या शतकात दोन तारा एकदम वाजवल्यावर ऐकू येणाऱ्या तिसऱ्या सुराची नोंद केली. तो तिसरा सूर बराचसा आपल्या कानाच्या आत तयार होतो. पितळी वाद्यातले हे सूर मात्र कर्ण्यातून खरोखरच बाहेर पडतात, माइकला सापडतात.

न लावलेला गंधार म्हटल्यावर मराठी माणसाला तानपुरा आठवणारच. पंचम, दोन जोडीच्या तारा आणि खर्ज एवढंच छेडलं तरी चांगल्या जवारीच्या तानपुऱ्यातून गंधार उमटतो, त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. हे तानपुरे मिरजेचे, आणि मिरज आमच्या लाइनवरची. बार्शी लाइट १९०६ मध्ये पंढरपूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. मिरजेच्या कारागिरांना लागणारे मोठे भोपळे आमच्याच जिल्ह्यात, पंढरपूर आणि मंगळवेढ्याकडे पिकतात. तानपुऱ्याच्या त्या रुंद घोडीवर तार चाटून जाते म्हणून इतके उपसूर जागे होतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये शास्त्रीय पद्धतीनं मांडलं.

त्याच्याही आधी सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, सरकारी नोकरीत डेप्युटी कलेक्टर असलेले गृहस्थ, कंपनसंख्या मोजून आपल्या श्रुती ठरवत बसले होते. १९१० मध्ये त्यांचं बावीस श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक निघालं. त्यांच्यासोबत अर्नेस्ट क्लेमेंट्स हे आय.सी.एस. अधिकारी होते आणि प्रयोगांना गळा होता अब्दुल करीम खाँसाहेबांचा. त्यातून श्रुतींची वेगळी हार्मोनियम बनवून घेण्यापर्यंत मजल गेली. त्या साऱ्या खटाटोपाचं कारण असं की नेहमीच्या हार्मोनियमचा गंधार चढा असतो. सा २४० चा असेल तर ती गंधार ३०० ऐवजी सुमारे ३०२.४ चा देते. सलग ऐकणाऱ्या कानाला हा फरक टोचतो. ट्रॉम्बोनमध्ये गळ्याचा पंचम अचूक लागला तर बेरजेचा गंधार ३०० चाच येतो, कारण तो गणितातूनच येतो. देवलांनी बँडवाल्या पोराचा तो सूर ऐकला असता तर काय केलं असतं, असा विचार माझ्या मनात कितीदा तरी येतो.

जगात हे आधी कुणी केलं, याचा लेखी पुरावा जर्मनीत आहे. कार्ल मारिया फॉन वेबर यांनी हॉर्नसाठी लिहिलेल्या कॉन्चेर्टिनोत, १८०६ ची रचना आणि १८१५ ची दुरुस्ती, एकट्या वादकानं एकाच वेळी अनेक सूर काढावेत अशी जागा स्वरलिपीत लिहून ठेवलेली आहे. त्या काळच्या हॉर्नला पडदेही नव्हते, तुतारीचाच तो भाऊबंद. लेखी पुरावा सोडला तर ऑस्ट्रेलियातले आदिवासी कितीतरी मागे जातात. वाळवीनं पोखरलेल्या ओंडक्याचं त्यांचं डिजरिडू वाजवताना वादक मधूनच गळ्यातून कुत्र्याचं भुंकणं, पक्ष्याचं ओरडणं काढतो आणि तो आवाज ओंडक्याच्या गुंजनात मिसळून फुगतो. अमेरिकन जॅझवाले १९२० च्या दशकात ट्रम्पेटमधून गुरगुरायला लागले तेही गळ्याच्याच जोरावर. फक्त तिथं गळ्याचा सूर वाद्याच्या सुराशी जुळवत नाहीत. न जुळलेल्या बेरजा-वजाबाक्यांची जी खरखर होते, तीच त्यांना हवी असते.

पण या विद्येचं खरं नाव आल्बर्ट मांगेल्सडॉर्फ. १९२८ मध्ये फ्रांकफुर्टला जन्म, २००५ मध्ये मृत्यू. नाझी राजवटीत जॅझकडे वाकड्या नजरेनं पाहिलं जायचं. त्यांच्या थोरल्या भावाला, एमिलला, त्यापायी गेस्टापोनं पकडलं होतं. १९६४ मध्ये गोएथे इन्स्टिट्यूटनं आल्बर्टना आपल्या पाच जणांच्या ताफ्यासह आशियाच्या दौऱ्यावर पाठवलं आणि त्यातून निघालेल्या तबकडीत रविशंकरांच्या स्वररचनेवर आधारलेली एक रचना आहे. पुढे त्यांनी साथीदार बाजूला ठेवले. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकच्या वेळी ते एकटे ट्रॉम्बोन घेऊन उभे राहिले. नंतरची त्यांची 'ट्रॉम्बर्ड्स' ही तबकडी मी रात्री अंधारात ऐकली. ते वाद्याचा सूर स्थिर ठेवून गळ्याचा सूर हलवतात तेव्हा खर्ज आणि वरचा सूर दोन्ही एकाच दिशेला पळतात, कारण एक कण वर सरकलं की बेरीज वाढते आणि वजाबाकीही वाढते. चौघे जण नाचतायत आणि दोरी एकाच्याच हातात आहे, असं वाटतं.

शिकायला काय लागतं ते लिहितो, कारण विचारणारे आमच्या भागातले दोघे-तिघे निघाले. मोठ्या माउथपीसचं वाद्य घ्यावं, ट्रॉम्बोन किंवा युफोनियम. ट्रम्पेटमध्ये पुरुषाचा आवाज वाद्याच्या खाली पडतो, जमतं पण उशिरा. आधी बोटं न दाबता एक मधला सूर मोठ्या दमानं धरायचा. मग जबडा न हलवता, तोंडात 'ऊ'चा आकार ठेवून त्याच सुरात गुणगुणायचं. पहिले पंधरा दिवस ओठ तरी बंद पडतात नाहीतर गळा तरी आवळतो. दम दुप्पट लागतो, चक्कर आल्यासारखं होतं, तेव्हा थांबायचं. एक दिवस दोन्ही टिकतात आणि मग डोल ऐकू येतो. ओठ १२० वर आणि गळा १२२ वर असेल तर सेकंदाला दोन हेलकावे. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा मिळवताना आपण हेच हेलकावे मोजतो आणि संपवतो. ते संपले की गळा हळूहळू पंचमाकडे न्यायचा. वाटेत सगळं खडबडीत असतं, वाद्य फुटल्यासारखं वाटतं. पंचम लागताक्षणी सारं गुळगुळीत होतं आणि हातातल्या पितळेत खर्जाची थरथर जाणवते. मला तिथवर पोचायला चार महिने लागले.

बँडवाल्यांबद्दल मला मनापासून काही वाटतं. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत प्रभात, दरबार, न्यू गंधर्व ही ब्रास बँडची नावं लोक आजही अभिमानानं घेतात, थांबून ऐकतात. तालुक्याच्या गावी तसं नाही. डीजे आल्यापासून सुपाऱ्या कमी झाल्या. पूर्वी वीस माणसांचा बँड यायचा, आता सात-आठ जण येतात. त्यात खालचे सूर भरणारी मोठी वाद्यं पहिली गळतात, कारण त्यांच्याकडे चाल नसते. राहतं ते ट्रम्पेट, क्लॅरिनेट, साइड ड्रम आणि ढोल. अशा बँडमध्ये एकच ट्रॉम्बोन असेल आणि तो एकटा खर्ज, सा, पंचम, गंधार भरत असेल तर हारतुरे घालतानाच्या संथ चालीला केवढा आधार मिळेल! वरातीच्या गदारोळात हे ऐकू जायचं नाही, हे मलाही कळतं. पण कार्यालयात, छपराखाली, आहेराच्या वेळी नक्की ऐकू जाईल.

तो ओट्यावरचा पोरगा आता महिन्यातून एकदा माझ्याकडे येतो. मी तानपुऱ्याचं यंत्र लावतो, तो ट्रॉम्बोन जुळवतो. गळ्यातून वरचा गंधार लावला की काय होतं ते आम्ही पाहिलं. १२० आणि ३००, वजाबाकी १८०, म्हणजे पंचम आपोआप आला. बेरीज ४२०, म्हणजे कोमल निषाद, पण आपल्या नेहमीच्या निषादाहून उतरलेला. तो ऐकून त्यानं डोळे मिटले होते. गेल्या खेपेला जाता जाता त्यानं विचारलं, "काका, आन् कोमल गंधार? त्यो बी असाच निघंल का वो?"

मी कागद घेतला. सा २४० चा घेतला तर कोमल गंधार २८८ चा. वजाबाकी ४८. हा साचा खर्ज नव्हेच. तो निघाला कोमल धैवताच्या घरातला, तीन सप्तकं खालचा. बेरीज ५२८. तो रिषभाच्या जागी येतो, पण कोमल रिषभाच्या वर आणि शुद्ध रिषभाच्या खाली, मधल्याच मोकळ्या जागेत. म्हणजे आपण सा म्हणून धरलेला सूर पितळेनं सा मानलाच नाही. तिनं धैवताला सा केलं आणि आपल्या साला त्याचा शुद्ध गंधार करून टाकलं.

पोरानं कागदाकडे पाहिलं, मग ट्रॉम्बोन पुन्हा पेटीतून काढला. त्याची साडेनऊची गाडी होती. त्यानं सा धरला, गळ्यातून कोमल गंधार लावला, खालून जमिनीत काहीतरी घुमल्यासारखं झालं. त्यानं माउथपीस ओठावरून काढलं आणि मला म्हणाला, "तानपुरा धैवतावर लावा बरं."