नातवंडे ‘आंत्रोपोलोगिया’ शिकतात म्हणजे काय शिकतात?



हल्ली आपल्या घरांत एक नवा शब्द ऐकू येऊ लागला आहे. लष्करी सेवा आटोपून, प्सिखोमेत्री परीक्षा देऊन नात सांगते, “सावता, मी विद्यापीठात आंत्रोपोलोगिया घेणार.” नर्स, शिक्षक, इंजिनियर म्हटले की आपल्याला लगेच उमगते. हा शब्द ऐकला की मात्र आपण नुसती मान डोलावतो आणि मनात म्हणतो, हे शिकून पोर पुढे करणार काय? म्हणून या अंकात आम्ही हा विषय सोप्या भाषेत मांडत आहोत. हे शिकणारी मुले आज ना उद्या आपल्यापाशीच येऊन बसणार आहेत, आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देऊ शकणारी माणसे आपल्यात दिवसेंदिवस कमी होत आहेत.

मराठीत या विषयाला मानवशास्त्र म्हणतात. जुन्या पुस्तकांत मानववंशशास्त्र असेही नाव आढळते. ज्यांनी मुंबई-पुण्यात मराठी पुस्तके वाचली, त्यांना इरावती कर्वे हे नाव नक्की आठवेल. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या त्या सूनबाई. ‘युगान्त’मुळे आपण त्यांना लेखिका म्हणून ओळखतो, पण त्यांचा खरा व्यवसाय हाच. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या १९३९पासून होत्या. एकदा त्या पंढरीच्या वारीत दिंडीबरोबर पायी चालत गेल्या. बायकांशी मैत्री केली, अभंग ऐकले, आणि एकत्र गाणारी माणसे जेवायला मात्र जातीप्रमाणे वेगळी बसतात हे डोळ्यांनी पाहिले. मग ते सारे ‘वाटचाल’ या लेखात लिहिले. लोकांमध्ये जायचे, त्यांच्यासोबत राहायचे, पाहायचे, ऐकायचे आणि मग विचार करून लिहायचे, ही या शास्त्राची मुख्य रीत.

आपल्या घरातले उदाहरण घेऊ. समजा, अश्दोदमध्ये एका घरी मलिदा आहे. समाजशास्त्राचा विद्यार्थी विचारील, शहरातील किती घरांत मलिदा होतो, तरुण किती येतात, म्हातारे किती? इतिहासाचा विद्यार्थी विचारील, मलिद्याचा सर्वांत जुना लेखी उल्लेख कुठे सापडतो? मानवशास्त्राचा विद्यार्थी तुमच्या शेजारी येऊन बसेल. ताट कोण भरतो, पोहे कोण भिजवतो, खोबरे कोण खवते, एलियाहू हन्नाबीचे गाणे कोणाला तोंडपाठ आहे आणि कोण पुस्तकात पाहून म्हणतो, हे तो टिपून घेईल. प्रसाद वाटताना कोणाला आधी दिला जातो, हेही पाहील. शेवटी विचारील, “आजी, मलिदा केला नाही तर तुम्हांला काय वाटेल?” तिन्ही शास्त्रे हवीतच. पण या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही कागदात मिळत नाही.

या रीतीचा पाया ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की या पोलंडच्या विद्वानाने घातला असे मानतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो पॅसिफिक महासागरातील ट्रोब्रियांड बेटांवर तेथील लोकांची भाषा शिकून राहिला आणि १९२२ साली त्यावर त्याचा मोठा ग्रंथ निघाला. दुसरे नाव फ्रांझ बोआस. हा जर्मनीतील यहुदी कुटुंबात १८५८ साली जन्मला आणि पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक झाला. अमुक वंश श्रेष्ठ आणि तमुक कनिष्ठ या कल्पनेला शास्त्राचा आधार नाही, हे त्याने आयुष्यभर सांगितले. नाझींनी त्याची पुस्तके जाळली.

हे सांगण्याचे कारण असे की या शास्त्राची एक काळी बाजूही होती. एके काळी माणसांची डोकी, नाके आणि कवट्या मोजून त्यांची किंमत ठरवली जात असे. इरावतीबाई ऐन तरुणपणी बर्लिनला ऑयगेन फिशर या प्राध्यापकाकडे शिकायला गेल्या. पुढे नाझींच्या वंशवादाला शास्त्राचा मुलामा देणाऱ्यांत हे गृहस्थ होते. युरोपीय माणसाच्या श्रेष्ठपणाची खूण कवटीच्या घडणीत सापडेल अशी तिथे अपेक्षा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा काही संबंध दिसत नाही, असे आपल्या प्रबंधात सरळ लिहिले. परक्या देशात, आपल्याच गुरूच्या मताविरुद्ध! आजच्या विद्यार्थ्यांना ही काळी बाजू झाकून न ठेवता शिकवली जाते.

आता विद्यापीठातील अभ्यासाकडे वळू. येरुशलायीमचे हिब्रू विद्यापीठ, तेल अवीव विद्यापीठ आणि बेर शेवाचे बेन गुरियन विद्यापीठ येथे समाजशास्त्र व मानवशास्त्र यांचा विभाग एकत्र आहे. ‘तोआर रिशोन’ म्हणजे पहिली पदवी साधारण तीन वर्षांची. पुष्कळ मुले ‘दु-खुगी’ घेतात, म्हणजे दोन विषय बरोबरीने शिकतात. सुरुवातीला विषयाची ओळख, थोडी आकडेवारी आणि वाचन पुष्कळ. नंतर कुटुंब व नातेसंबंध, धर्म, स्थलांतर असे विषय आणि संशोधनाच्या पद्धती येतात. शेवटी मोठा सेमिनार निबंध. त्यासाठी मुले ‘अवोदात सादे’ करतात. शब्दशः हे शेतातले काम, पण इथे शेत म्हणजे माणसांची वस्ती. कोणी इस्पितळाच्या प्रतीक्षागृहात बसतो, कोणी बाजारात, कोणी आजीच्या स्वयंपाकघरात.

आणि पोटापाण्याचे? इथे आम्ही गोड बोलून वेळ मारून नेणार नाही. नर्सला किंवा वकिलाला जसा परवाना मिळतो, तसा या पदवीनंतर मिळत नाही. नुसत्या पहिल्या पदवीवर ‘मानवशास्त्रज्ञ’ म्हणून नोकरी मिळणे कठीण. म्हणून बरोबरीने दुसरा विषय घेणे किंवा पुढे दुसरी पदवी करणे शहाणपणाचे. असे शिकलेली माणसे वस्तुसंग्रहालयांत, शाळांत, नगरपालिकांत, समाजसेवेत आणि आरोग्याच्या कामात दिसतात. लोक एखादी वस्तू प्रत्यक्षात कशी वापरतात हे पाहण्यासाठी मोठ्या कंपन्याही त्यांना घेतात. तेव्हा नातीला “हे घेऊ नकोस” म्हणण्याऐवजी “याच्या जोडीला काय घेणार?” असे विचारावे.

आता आपल्या समाजाविषयी. वाचकहो, आपण या शास्त्राला नवखे नाही. आपला अभ्यास अनेकांनी केला आहे. हाईम सॅम्युएल केहिमकर हे आपल्यातलेच. त्यांनी १८९७ साली लिहून पुरा केलेला बेने इस्रायलांचा इतिहास १९३७ साली तेल अवीवला छापला गेला. शिफ्रा स्ट्रिझोवर यांचे मुंबईच्या बेने इस्रायलांवरील पुस्तक १९७१ साली निघाले. शाल्वा वाइल यांनी लोद शहरातील आपल्या लोकांमध्ये संशोधन करून १९७७ साली इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. शर्ली बेरी आयझेनबर्ग यांचा मोठा ग्रंथ १९८८चा. केहिमकर सोडले तर ही बाहेरून आलेली माणसे. त्यांनी मेहनतीने लिहिले आणि आपण त्यांचे ऋणी आहोत. पण घरात वाढलेल्याला जे न विचारता माहीत असते, ते बाहेरच्याला विचारून घ्यावे लागते.

आपण कोण, हे दुसऱ्यांनी ठरवण्याचे दुःखही आपण भोगले आहे. १९६०नंतरच्या त्या वर्षांत आपल्या मुलामुलींच्या लग्नाच्या वेळी वंशाची चौकशी होऊ लागली. आपले लोक धरणे धरून बसले. अखेर १९६४ साली क्नेसेतने बेने इस्रायल सर्व दृष्टींनी यहुदी आहेत असे जाहीर केले. आपल्यापैकी काहीजण त्या धरण्यात होते. त्यांनी काय पाहिले, रात्री कोणी जेवण आणून दिले, मुलांना काय सांगितले, हे सरकारी कागदांत नाही.

कोकणातल्या सणांची नावेच पाहा. किप्पूरला आपले पूर्वज ‘दारफळणीचा सण’ म्हणत, कारण त्या दिवशी दारे बंद करून घरात राहायचे. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’. पेसाखला ‘अनाशी ढाकण्याचा सण’, म्हणजे आंबट रसाचे भांडे झाकून ठेवण्याचा. हिब्रू नावे विसरली, पण रीत राहिली आणि मराठी नावाने टिकली. केहिमकरांनी ही नावे नोंदली म्हणून ती आज पुस्तकात आहेत. त्यांच्या नोंदीत न आलेले किती शब्द आपल्या आया-आत्यांच्या तोंडी होते!

म्हणून नातवंडे वही किंवा फोन घेऊन बसली, तर काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जो शब्द मराठीत आहे तो आधी मराठीतच सांगावा, मग हिब्रूत समजवावा. “आमच्यात असे करतात” एवढ्यावर थांबू नये. आपल्या गावी, आपल्या घरात कसे होत असे ते सांगावे, कारण पेणची रीत आणि नागावची रीत एकच असेल असे नाही. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणावे, पदरचे घालू नये. जुन्या फोटोमागे माणसांची नावे लिहून ठेवावीत. आणि जे सांगायचे नाही ते सांगू नये. घरातले भांडण, कोणाचे आजारपण, मोडलेले लग्न यांबद्दल “हे लिहू नकोस” म्हणण्याचा तुम्हांला पूर्ण हक्क आहे. परवानगी घेणे आणि गरज असेल तिथे नाव बदलणे, हा त्यांच्या शिक्षणाचाच भाग आहे.

ज्यांच्या नातवंडांनी हा विषय घेतलेला नाही, त्यांनीही वाट पाहत बसू नये. वही कोणीही आणू शकतो. आपली नात विद्यापीठात जगभरच्या लोकांच्या चालीरीती शिकेल आणि तिला शिकवणारे मोठे प्राध्यापक असतील. पण दारफळणीच्या दिवशी आपल्या आजोळी काय होत असे, हे तिला त्यांपैकी कोणीही सांगू शकणार नाही. ते आपल्यालाच सांगावे लागेल, आणि आपल्याला बोलता येते आहे तोवरच.