लांब पल्ला (लेखांक ६) : उन्हाचा हिशेब

जून २०२१. अमेरिकेतल्या फीनिक्स शहरात १५ ते २० तारखेपर्यंत सलग सहा दिवस पारा ४६ अंशांच्या वर गेला. तिथल्या लोकांना ऊन नवे नाही, पण असे सहा दिवस त्यांनीही तोवर पाहिले नव्हते. नेमक्या त्याच आठवड्यात, त्या शहराच्या वायव्येकडून जाणाऱ्या रस्त्यांवर ‘रेस अक्रॉस अमेरिका’ चालू होती. पॅसिफिकच्या काठावरच्या ओशनसाइडहून निघायचे आणि, त्या वेळच्या मार्गाने, पूर्व किनाऱ्यावरच्या अ‍ॅनापोलिसला पोचायचे. मध्ये सुमारे ४,८०० किलोमीटर. घड्याळ एकदा सुरू झाले की थांबत नाही, तुम्ही झोपलात तरी. त्या वर्षी एकट्याने उतरलेल्या अनेक सायकलस्वारांना शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली आणि त्यात उन्हाचा वाटा फार मोठा होता. जिंकली ती कॅनडाची लिया गोल्डस्टीन. वय ५२. वेळ ११ दिवस ३ तास ३ मिनिटे. स्त्री-पुरुष अशा सगळ्या एकट्या स्वारांत पहिली येणारी ती या शर्यतीच्या इतिहासातली पहिली स्त्री.

आता ही वेळ जरा दुसऱ्या दोन वेळांशेजारी ठेवून पाहा. १९८२ साली ही शर्यत पहिल्यांदा झाली, तेव्हा फक्त चार जण होते आणि त्यांतला लॉन हाल्डमन ९ दिवस २० तासांत पोचला होता. ऑस्ट्रियाच्या क्रिस्टोफ स्ट्रासरने २०१४ मध्ये ७ दिवस १५ तास ५६ मिनिटांत अंतर कापले. म्हणजे गोल्डस्टीनचा विजय स्ट्रासरपेक्षा साडेतीन दिवसांनी आणि पहिल्या वर्षीच्या विजेत्यापेक्षाही एका दिवसाहून अधिक हळू होता. मला यात उणेपणा मुळीच दिसत नाही. टोकाच्या उन्हात लांब पल्ला कसा पुरा होतो, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. ऊन किती वेगाने जाऊ देते ते ओळखायचे आणि तेवढ्याच वेगाने जायचे.

शर्यतीचा पहिला टप्पा डोळ्यांसमोर आणू. ओशनसाइडला समुद्राची गार हवा असते. रस्ता डोंगरात चढतो आणि मग बोरेगो स्प्रिंग्जकडे एकदम खाली कोसळतो. या उताराला स्वार ‘ग्लास एलिव्हेटर’ म्हणतात. जवळजवळ साडेतीन हजार फूट उतरायचे आणि प्रत्येक वळणावर हवा आधीपेक्षा गरम. उतारावर सायकलला वेग असतो, तरी वारा गार लागत नाही. तो भाजतो. पुढे ब्रॉली हे गाव समुद्रसपाटीच्याही खाली आहे. मग वाळूच्या टेकड्या, ब्लाइद, कोलोरॅडो नदीकाठचे पार्कर, सलोमी, काँग्रेस आणि यार्नेलचा घाट. हा घाट चढून प्रेस्कॉटच्या उंचीवर पोचेपर्यंत वाळवंट सुटत नाही. हे सगळे मिळून सातशे किलोमीटरच्या आसपास. एकूण अंतराच्या मानाने थोडेच, पण तिथे शरीराचे जे बिघडते ते पुढचे दहा दिवस सोबत येते.

बिघडते ते का, हे समजून घ्यायला थोडे गणित करावे लागेल. आपले स्नायू खाल्लेल्या ऊर्जेतला जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा पायडलपर्यंत पोचवतात. बाकी सगळ्याची उष्णता होते. पायडलवर १५० वॅट लावणारा स्वार, म्हणजे सपाट रस्त्यावर बेताने चाललेला स्वार, त्याच वेळी आपल्या आत ४५० ते ६०० वॅट उष्णता तयार करत असतो. ७० किलोच्या शरीराला ही उष्णता बाहेर टाकताच आली नाही, तर दर आठ मिनिटांना त्याचे तापमान साधारण एका अंशाने वाढेल. ३७ वरून ४० वर जायला अर्धा तासही लागणार नाही. बाहेर कितीही ऊन असो, सायकलस्वाराची सगळ्यात मोठी भट्टी त्याच्या मांड्यांत असते आणि तिचा जाळ कमी-जास्त करणे त्याच्याच हातात असते. वेग कमी केला की उष्णता त्याच क्षणी कमी तयार होते. दुसरा कोणताही उपाय इतक्या लवकर लागू पडत नाही.

तयार झालेली उष्णता बाहेर कशी जाते? हवा त्वचेपेक्षा गार असेल तर वारा ती घेऊन जातो. त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून गरम झाली की हा व्यवहार उलटतो आणि वारा शरीराला उष्णता देऊ लागतो. तापलेले डांबर खालून देते, सूर्य वरून देतो. मग एकच वाट उरते, घाम वाळण्याची. एक लिटर घाम त्वचेवर पूर्ण वाळला, तर सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. पण तो तिथेच वाळला पाहिजे. ठिबकून खाली पडलेला घाम फुकट गेला. विदर्भातला कूलर मुंबईत का चालत नाही, हे ज्याला कळले त्याला हे सगळे कळले. नागपूरच्या कोरड्या हवेत पाणी झटपट वाळते आणि खोली गार होते, मुंबईच्या दमट हवेत नुसता ओलावा वाढतो. त्यामुळे कोकणात ३४ अंशांना सायकल चालवणे कधी कधी विदर्भातल्या ४२ अंशांपेक्षा अवघड जाते. नुसता पारा पाहून बेत ठरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हवे.

कोरड्या वाळवंटाचा धोका वेगळा आहे. तिथे घाम इतक्या लवकर वाळतो की अंग ओले लागतच नाही. आपल्याला फारसा घाम येत नाही असे स्वाराला वाटते आणि जर्सीवर मात्र मिठाचे पांढरे पट्टे उमटलेले असतात. तासाला लिटर-दीड लिटर पाणी गेलेले असते.

म्हणून स्वाराच्या मदतीला असणारे जाणते क्रू पिण्याच्या पाण्याइतकेच अंगावर ओतायचे पाणी जपतात. यामागचे शास्त्र मला फार आवडते. एक किलो बर्फ खाल्ला, तर तो वितळून शरीराच्या तापमानाला येईपर्यंत जवळपास ४९० किलोज्यूल उष्णता शोषतो. तेच एक लिटर पाणी, अगदी कोमटसुद्धा, कपड्यांवर शिंपडून कोरड्या हवेत वाळू दिले, तर जवळपास पाचपट काम करते. शिवाय शरीरातले मीठ खर्च होत नाही. बाहेरून घातलेले पाणी घामाची जागा घेते. पांढरी, सैल, पूर्ण बाह्यांची जर्सी घालायची, ती सतत ओली ठेवायची, आणि बर्फ भरलेला पायमोजा मानेवर टाकायचा, ही वाळवंटातली नेहमीची पद्धत आहे. बर्फाचा उपयोग आहेच. थंड मानेने डोक्याला हायसे वाटते. पण खरी कामगिरी ओल्या बाहीची.

उन्हात हृदयाचे ठोके का चढतात? रक्त तेवढेच आणि मागणारे तीन. स्नायूंना ते प्राणवायूसाठी हवे, त्वचेला उष्णता बाहेर टाकण्यासाठी हवे, आतड्यांना अन्न पचवण्यासाठी हवे. घामाने रक्तातले पाणी कमी झाले की ओढाताण वाढते आणि माघार घेतात ती आतडी. उन्हात सायकल चालवताना बहुतेकांच्या तक्रारी पोटाच्या असतात त्या यामुळे. मळमळते, पोट डचमळते, खाल्लेले वर येते. पायांत ताकद शिल्लक असते, पण पोट काही आत घेत नाही. मग ऊर्जा नाही, पाणी नाही, आणि दोन-तीन तासांत ताकदही संपते. लांब पल्ल्याचे स्वार पायांमुळे कमी आणि पोटामुळे जास्त वेळा शर्यत अर्ध्यावर सोडतात, असे माझे मत आहे.

पोटाला तासाला साधारण लिटरभर पाणी झेपते, कित्येकांना तेवढेही नाही. घाम त्याहून जास्त जातो. दुपारची ही तूट भरून निघत नाही, ती फक्त आटोक्यात ठेवता येते. आणि नुसते पाणी ढोसत राहिले तर उलटाच अनर्थ होतो. रक्तातले सोडियम पातळ होते, डोके दुखते, हातापायांवर सूज येते, पुढे झटके येऊन जीवही जाऊ शकतो. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉननंतर तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचे सोडियम धोक्याच्या रेषेखाली आढळले होते. तहान आणि मीठ या दोघांचे ऐकावे लागते. मीठ साखरेबरोबर दिले की आतडे दोन्ही एकत्र आत ओढते आणि पाणी त्यांच्या मागोमाग जाते. याच तत्त्वावर १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या हजारो रोग्यांना मीठ-साखरेचे पाणी देऊन वाचवले. सायकलच्या बाटलीत आज जे असते ते त्याचेच भावंड. आपले कैरीचे पन्हे, गूळ आणि मीठ नीट घातलेले, याच घराण्यातले आहे. एप्रिल-मेच्या बीआरएमला, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला, ते न्यायला मुळीच संकोचू नये.

घामातल्या मिठाचा दुसरा त्रास बुडाखाली होतो. ओली चड्डी, मिठाचे कण आणि तासन्‌तास घर्षण. कातडी सोलवटते, पुळ्या येतात, त्यांत जंतू जातात. त्यावर एका वाक्यात सांगण्यासारखा उपाय आहे: कोरडी चड्डी घाला, त्वचा धुवा, मलम लावा, आणि हे दुखण्याआधी करा.

आता महाराष्ट्राकडे येतो. २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघात ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पुरी केली. २०१७ मध्ये तेव्हा नाशिकला नेमणुकीवर असलेले लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पार केली. एकट्याने ती पुरी करणारे हे दोघे पहिले भारतीय. गोकुलनाथांना त्याच्या आदल्या वर्षी ती सोडावी लागली होती. चौघेही डॉक्टर आहेत, हे मला विसरता येत नाही. शरीर काय सांगते आहे हे ऐकायचा सराव त्यांच्या पेशातच आहे.

नागपूरच्या माणसाला वाळवंटाचे काय, असे कोणी सहज म्हणेल. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. उन्हाची सवय जन्माने मिळत नाही, ती दहा ते चौदा दिवस रोज उन्हात घाम गाळून कमवावी लागते. त्या मुदतीत रक्तातले पाणी वाढते, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातले मीठ कमी होते. मग ऊन टाळून वातानुकूलित खोलीत बसले, तर तीन-चार आठवड्यांत यातले बरेचसे निघून जाते. शर्यत जूनच्या मध्यावर असते, आपला मे नुकता सरलेला असतो. ज्याने तो मे रस्त्यावर काढला त्याला कॅलेंडरची मोठी मदत आहे.

स्पर्धा पुरी करून आलेल्यांच्या सत्कारांत ‘जिद्द’ हा शब्द हमखास येतो. मला त्याची उन्हाच्या संदर्भात भीती वाटते. उष्माघातात सगळ्यात आधी बिघडणाऱ्या गोष्टींत मेंदू आहे. शरीराचे तापमान ४० अंशांच्या पुढे गेले की माणूस चिडतो, विसंगत बोलतो, रस्ता चुकतो, आणि मी ठीक आहे असे ठासून सांगतो. त्या क्षणी जिद्दी स्वाराचा शब्द मानणे म्हणजे त्याला मृत्यूच्या दारात ढकलणे. थांबायचा निर्णय म्हणून आधीच, गार डोक्याने, क्रूच्या हाती द्यायला हवा. बीआरएमला क्रू नसतो, तिथे तो सोबत चालणाऱ्याच्या हाती द्यावा. साधे प्रश्न पुरतात: मागचा कंट्रोल (तपासणीचा थांबा) कुठे होता? बाटली कधी भरलीस? उत्तर घसरले की सायकल आडवी.

आणि मग आधी गार करायचे, दवाखान्यात न्यायचे ते नंतर. या क्रमाविषयी वैद्यकात आज दुमत नाही. बर्फाच्या पाण्याचे टब मिळाले तर मानेपर्यंत त्यात बुडवायचे. नाही तर शेतातली मोटर, रस्त्याकडेच्या हॉटेलातला पिंप, जे सापडेल ते अंगभर ओतायचे, वारा घालायचा, मान, काख आणि जांघेत बर्फ ठेवायचा. भान हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचे नाही. तापाची गोळी इथे कामाची नाही. रुग्णवाहिका बोलवायचीच, पण ती येईपर्यंतची मिनिटेच जीव वाचवतात.

थांबण्याची किंमत किती, याचाही हिशेब करून ठेवावा. ‘रेस अक्रॉस अमेरिका’चे बारा दिवस म्हणजे २८८ तास. एका दुपारी बारा ते चार सावलीत पडून काढले, तर त्यातले चार तास गेले, दीड टक्क्याहूनही कमी. ते सावरायला पुढच्या सगळ्या प्रवासात ताशी पाव किलोमीटर वेग वाढवला की झाले. आपल्या ६०० किलोमीटरच्या बीआरएमला ४० तास मिळतात, म्हणजे ताशी सरासरी १५ किलोमीटर. तिथे चार तास म्हणजे दहावा हिस्सा, त्यामुळे विचार आधी करावा लागतो: संध्याकाळी सुटणारी राइड निवडायची, रात्री अंतर काढायचे आणि दुपारसाठी झाडाची नाही तर धाब्याची जागा नकाशावर खूण करून ठेवायची. एप्रिलच्या मराठवाड्यात सावली विपुल नसते.

(पुढील लेखांक : मान धरेनाशी होते तेव्हा)