दुकानाची पाटी कोणाच्या हाती?

गेल्या दसऱ्याच्या सुमारास आमच्या धाकट्या भाऊजींवर एक चमत्कारिक प्रसंग ओढवला. बडोद्यात दांडिया बाजारालगत त्यांचा मसाले, मेतकूट आणि दिवाळीच्या फराळाचा व्यवसाय आहे. पाच-सहा वर्षांपूर्वी एका होतकरू तरुणाकडून त्यांनी व्यवसायाचे संकेतस्थळ करवून घेतले होते. दिसावयास ते देखणे होते. पण त्यावर चकलीचा भाव जो एकदा लिहिला गेला, तो तेल-डाळ कितीही महागली तरी तेथून हलेना. तो बदलण्याची विद्या एकट्या त्या तरुणास ठाऊक, आणि तो तर नोकरीनिमित्त दूरदेशी गेलेला. परगावच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने त्याच भावाने १५ किलो फराळ मागविला. शब्द फिरवावयाचा नाही म्हणून भाऊजींनी तोटा सोसून तो पाठविला. त्या रात्री जेवताना ते म्हणाले, "वहिनी, माल आपला, दुकान आपले, आणि पाटीवरचे अक्षर मात्र परक्याच्या हाती!"

छोटा व्यवसाय करणाऱ्या पुष्कळ घरांत हेच रडगाणे ऐकू येते. म्हणून त्यानंतर आम्ही घरच्यांनी जी चौकशी केली, ती वाचकांपुढे ठेवीत आहे.

पूर्वी संकेतस्थळाचे प्रत्येक पान हाताने बांधीत असत. मजकूर आणि मांडणी एकमेकांत अशी गुंतलेली असे की एक आकडा बदलावयाचा तरी जाणकार बोलवावा लागे. ज्यांना कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम म्हणतात, त्या आशय-व्यवस्थापनाच्या प्रणालींनी ही गुंतागुंत सोडविली. मजकूर, चित्रे, भाव एका कोठारात राहतात. मांडणीचे साचे निराळे असतात. कोणी पान उघडले की प्रणाली कोठारातून मजकूर काढून साच्यात बसविते. जुन्या ग्रंथालयांतील कार्डांच्या पेट्या आठवाव्यात. नवे पुस्तक आले की एक कार्ड घातले, काम झाले. सारी यादी नव्याने लिहावी लागत नसे. त्यामुळे ज्याला पत्र टंकलिखित करता येते, त्याला भावही बदलता येतो.

आता अशा प्रणाली अनेक आहेत. त्यांपैकी वर्डप्रेस ही २००३ साली मॅट मुलनवेग व माइक लिटल यांनी सुरू केली, आणि आज जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे तिच्यावर चालतात. ती विनामूल्य आहे, असे जो तो सांगतो. ते खरे आहे, पण अर्धेच. प्रणाली फुकट, तथापि ज्या संगणकावर ती ठेवावयाची त्या जागेचे भाडे, नावाचे वार्षिक शुल्क आणि देखभाल ही चुकत नाहीत. द्रुपल तिच्याहून जुनी व भक्कम. परंतु तिचा व्याप मोठ्या संस्थांना झेपणारा. विक्स किंवा शॉपिफाय यांचा प्रकार भाड्याच्या बिऱ्हाडासारखा आहे. डागडुजी मालक करतो, भाडे मात्र बिनचूक भरावे लागते. आणि बिऱ्हाड सोडताना काय काय नेता येईल, हे आधीच विचारून ठेवावे. शॉपिफायवरून मालाची यादी उतरवून घेता येते. विक्सवरील संकेतस्थळ जसेच्या तसे उचलून दुसरीकडे मांडता येत नाही.

फुकटच्या बिऱ्हाडाची तर आणखी निराळी कथा. गूगलने लहान व्यावसायिकांना विनामूल्य संकेतस्थळे करून दिली होती. मार्च २०२४ मध्ये ती सारी बंद झाली. ज्यांनी पिशव्यांवर तो पत्ता छापला होता, त्यांच्या पिशव्या वाया गेल्या.

भाऊजींचा कल प्रथम ऑनलाइन दुकानाकडे होता. मी विरोध केला. त्यांची बहुतेक मागणी दूरध्वनीवरून येते. चकली तळून झाल्याखेरीज ते पैसेही घेत नाहीत. अशा माणसाने पैसे भरण्याची यंत्रणा कशाला पोसावी? शेवटी वर्डप्रेसवर भावपत्रक, मालाची माहिती आणि मागणीचा साधा अर्ज एवढेच ठेवले. प्लगिन म्हणून जी जोडयंत्रे मिळतात, तीही मोजकीच घेतली. कारण प्रत्येक जोडयंत्र ही आणखी एक खिडकी असते आणि तिची कडी कोणीतरी वेळेवर लावावी लागते. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी द्रुपलमधील एक दोष व त्यावरची दुरुस्ती एकाच वेळी जाहीर झाली. पुढे त्याच मंडळींनी कळविले की, ज्यांनी सात तासांच्या आत दुरुस्ती केली नसेल त्यांनी आपल्या संकेतस्थळात घुसखोरी झाली असेच समजावे. सात तास! आपल्याकडे दुपारची झोप आणि संध्याकाळचा चहा यांतच तेवढे जातात. आता नव्या आवृत्त्या आपोआप बसतील अशी सोय केली आहे, आणि दर महिन्याला साऱ्या मजकुराची एक प्रत घरच्या कपाटात राहते.

वर्डप्रेसमध्ये पाच प्रकारचे अधिकार देता येतात. सर्वाधिकार भाऊजींकडे, संपादकाचा धाकट्या जाऊबाईंकडे. नव्या कारागिराला काम चालू होते तोवर सर्वाधिकार दिला आणि हिशेब चुकता केला त्याच दिवशी काढून घेतला. त्याला थोडे वाईट वाटले, असो.

खरा घोळ झाला तो अक्षरांचा. जुना मजकूर युनिकोडपूर्व टंकात होता. नव्या जागी आणताच 'मेतकूट' या शब्दाच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि कंस यांची भेळ उमटली. परिवर्तनाची साधने वापरून पाहिली, पण जोडाक्षरे फुटली. अखेर ४२ पाककृती व मालाची वर्णने मी स्वतः पुन्हा टंकलिखित केली. शिवाय आमची निम्मी गिऱ्हाइके गुजराती. म्हणून प्रत्येक जिन्नसाची दोन पाने केली, एक मराठी, एक गुजराती. भाव दोन्हीकडे बदलावा लागतो, आणि एकदा जाऊबाई गुजराती पान विसरल्याही. पण दहा मिनिटांत चूक दुरुस्त झाली.

एक गोष्ट मात्र साधली नाही. संकेतस्थळाचे जुने नाव त्या तरुणाने स्वतःच्या नावावर नोंदविले होते. फसवणुकीचा हेतू नसावा. शुल्क भरताना त्याने आपलाच पत्ता घातला, इतकेच. दोन पत्रे गेली, उत्तर नाही. भाऊजींनी नवे नाव स्वतःच्या नावे, स्वतःच्या दूरध्वनी क्रमांकावर घेतले आहे. जुन्या नावाची मुदत फाल्गुनात संपते. तोवर जुन्या पत्त्यावर चकली जुन्याच भावाने मिळते, आणि तसा दूरध्वनी आला की जाऊबाई नवा भाव नम्रपणे सांगतात.